मिपिममध्ये फ्लॅट नाही, पार्टनर शोधतात

आजचा विषय मिपिम. फ्रान्समधल्या कान शहरात (हो, फिल्म फेस्टिव्हलवालं कान), त्याच पॅलेमध्ये १९९० पासून भरणारं प्रॉपर्टीचं मार्केट. सहसा मार्चमध्ये असतं.

मला आधी वाटायचं, तिथे फ्लॅट विकत असतील. पण लंडन, मँचेस्टरसारखी शहरंच तिथे स्टँड लावून बसतात! कारण साधं आहे. पालिकेकडे जमीन असते, बांधायला पैसा नसतो. पेन्शन फंडाकडे पैसा असतो, पण साइटवर काम करून घेणारी माणसं नसतात. ती डेव्हलपरकडे. हे तिघं जुळले की जॉइंट व्हेंचर.

तीन-चार दिवसांत करार होत नाही, ओळख होते. म्हणून भेटी आधीच ठरवून जायचं. आणि कार्ड वाटण्यापेक्षा पहिला प्रश्न हा विचारायचा: तुमचा पैसा किती वर्षं थांबेल? पाच-सात वर्षांत विकून बाहेर पडणारा फंड आणि तीस वर्षं भाडं हवं असलेला फंड, दोघंही 'इंटरेस्टेड' म्हणतात. एकाच प्रोजेक्टमध्ये आले तर सातव्या वर्षी भांडण ठरलेलं.

दुसरा प्रश्न विचारायला लोक लाजतात: काम रखडलं तर वाढलेला खर्च कोणाचा? यावर "बघू नंतर" आलं, तर कॉफी संपवून पुढच्या स्टँडकडे निघायचं.