तीन महिन्यांचं काम सहा दिवसांत: 'साउथ पार्क'कडून शिकायचा धडा



ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो, "सर, सगळं परफेक्ट झाल्याशिवाय सुरू कसं करायचं?"

आज उत्तर एका कार्टूनमधून देतो. 'साउथ पार्क'. घरात मुलं असताना लावू नका बरं का, शिवराळ आहे, मोठ्यांसाठीच आहे.

ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे कॉलेजचे दोन मित्र. त्यांच्या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत १३ ऑगस्ट १९९७ ला कॉमेडी सेंट्रलवर लागला. रंगीत कागद कापून, एकेक तुकडा सरकवत केलेला. त्या एका भागाला सुमारे तीन महिने लागले!

पुढे कॉम्प्युटर आला. आता गंमत बघा. त्यांनी चित्र चकचकीत केलं नाही. दिसायला तेच कागदी कपटे ठेवले. कॉम्प्युटर वापरला तो वेग वाढवायला. मग एक भाग साधारण सहा दिवसांत व्हायला लागला, आणि ताज्या बातमीवर लगेच टोमणा मारता यायला लागला. नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीचा निकाल अनपेक्षित लागला. दुसऱ्याच दिवशी भाग दाखवायचा होता. त्यांनी ऐनवेळी कथा बदलली आणि भाग लावला.

यात धोकाही आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये स्टुडिओची वीज गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच भाग वेळेत पोहोचला नाही. म्हणजे घाई करा, पण हाताशी थोडी सवड ठेवा.

आता माझं सांगतो. दुकानाच्या पहिल्या वर्षी दिवाळी गिफ्ट बॉक्सचं डिझाइन मी सात वेळा बदललं. बॉक्स हातात आले तेव्हा धनत्रयोदशी उलटून गेली होती. ४०,००० रुपये अडकले. शेवटी निम्म्या भावात काढले. बॉक्स देखणे होते हो, पण गिऱ्हाईक खरेदी करून मोकळं झालं होतं.

'साउथ पार्क'चा प्रेक्षक चित्रासाठी येत नाही, ताज्या टोमण्यासाठी येतो. हे त्या दोघांना कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

आज रात्री वहीत दोन रकाने आखा. एकात लिहा, गिऱ्हाईक मला नेमके कशाचे पैसे देतं? दुसऱ्यात, माझा वेळ कुठे जातो? दोन्ही जुळत नसतील, तर तुमचे कागदी कपटे कोणते, ते शोधा. ते साधेच राहू द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत!