वू-वेई : न करण्यातील करणे

चिनी भाषेतील ‘वू-वेई’ या शब्दाचे भाषांतर बहुधा ‘अकर्म’ असे करतात. ते ऐकून आम्हा विद्यार्थ्यांना आनंदच व्हावा! ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ हेच चिनी लोकांनीही सांगितले, असे वाटून जाते. पण ताओ विचारात या शब्दाचा अर्थ हातपाय न हलवणे असा नाही. वस्तूच्या स्वभावाविरुद्ध जोर न लावणे, असा आहे.

या विचाराचा मूळ ग्रंथ ‘ताओ ते चिंग’ परंपरेने लाओत्सेच्या नावावर आहे. ८१ प्रकरणांची, जेमतेम पाच हजार चिनी अक्षरांची ही पोथी. मला मात्र ‘च्वांगत्से’ या दुसऱ्या ग्रंथातील एका आचाऱ्याची गोष्ट अधिक भावली. तिंग नावाचा हा आचारी राजासमोर बैल कापतो. सामान्य आचाऱ्याची सुरी महिन्याने बदलावी लागते, चांगल्याची वर्षाने. तिंगची सुरी मात्र १९ वर्षे वापरून, हजारो बैल कापूनही नुकतीच धार लावल्यासारखी आहे. (माझे वयही १९च, धारेचे विचारू नये.) कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्यातील मोकळ्या जागेतून पाते नेतो. अवघड सांधा आला की तो थबकतो, नजर रोखतो, हात अगदी सावकाश हलवतो. या ‘अकर्मा’मागे केवढी तालीम आणि केवढे अवधान आहे!

आसक्तीविषयी त्याच ग्रंथात पैजेचा दाखला आहे. साधे कौल पणाला लावले तर माणूस सहज नेम साधतो. कमरपट्ट्याची कडी लावली तर बिचकतो. सोने लावले की त्याला काही सुचेनासे होते. कौशल्य तेच, मन मात्र बाहेरच्या वस्तूत अडकलेले. येथे गीतेतील निष्काम कर्म आठवते. पण तेथे स्वधर्माची हाक आहे. हा दाखला कर्तव्याचे नावही काढत नाही. हात का चुकतो, एवढेच तो पाहतो.

माझा एक आक्षेप आहे. ज्याच्या घरी सोने आहे, त्याला ते विसरणे सोपे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडिलांनी फीसाठी उसने काढलेले पैसे मी कसे विसरावे? परीक्षेच्या बाकावर ते माझ्या शेजारीच बसलेले असतात. थोडे उत्तर मला तिंगकडेच सापडते. बैलाला हाड नाहीच, असे तो कधी समजत नाही. ते कोठे आहे हे पाहून सुरी कडेने काढतो. ते उसने पैसे म्हणजे माझे हाड. पेपरच्या तीन तासांत सुरी त्याच्यावर आपटायची नाही, एवढे पुढच्या परीक्षेत करून पाहणार आहे.