दुर्बलतेच्या नाना छटा

शक्तीचा अभाव शरीरात आहे, मनात आहे, वस्तूत आहे की समाजातील स्थानात आहे, याचा विवेक करून मराठी भाषा प्रत्येक ठिकाणी निराळा शब्द योजते. दीर्घ ज्वरातून उठलेल्या माणसाला आपण अशक्त म्हणतो. क्षीण हे विशेषण मात्र हळूहळू ओसरत जाणाऱ्या गोष्टीला, मग ती नाडी असो, आवाज असो वा दिव्याचा प्रकाश असो, अधिक शोभते. फारसी ‘कम’ आणि मूळ अरबी ‘कुव्वत’ यांच्या संयोगातून आलेला कमकुवत हा शब्द भिंतीला, पुलाला, तसाच कचेरीतील दाव्याला व पुराव्यालाही लागतो. ज्याच्या वृत्तीत ठामपणा नाही तो लेचापेचा. पण ज्याचे मन परदुःखाने चटकन भरून येते तो हळवा, आणि या दोघांची गणना एकाच सदरात करणे हा हळव्या माणसावर उघड अन्याय होय.

दुर्बल या शब्दाला तर कायद्याचेही अधिष्ठान लाभले आहे. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या ४६ व्या अनुच्छेदाने जनतेतील दुर्बल घटकांचे, आणि त्यांतही विशेषेकरून अनुसूचित जाती व जमातींचे, शैक्षणिक व आर्थिक हित जपण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेवर सोपविले. येथे दुर्बलता व्यक्तीचा दोष ठरत नाही. ती परिस्थितीने लादलेली अवस्था ठरते. म्हणून कोणाच्याही उणिवेला नाव देण्यापूर्वी तिचे कारण शोधावे, कारण योग्य शब्दापासूनच योग्य साहाय्याचा आरंभ होतो.