५१२ बाइटांचे दशक

ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजचे मासिक सुरक्षा अपडेट आल्यानंतर, विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम शेजारी शेजारी नांदत असलेल्या अनेक संगणकांवरील लिनक्स एकाएकी सुरू होईनासे झाले. पडद्यावर सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याची सूचना उमटे, काहीतरी गंभीर बिघडले असल्याचे दुसरी ओळ सांगे आणि यंत्र बंद पडे. अशा दुहेरी, म्हणजे ड्युअल बूट संगणकांना या अपडेटमधील हा सुरक्षा-बदल लागू केला जाणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. प्रत्यक्षात तो लागू झाला आणि कायमचा उपाय मे २०२५ च्या अपडेटमध्ये, म्हणजे नऊ महिन्यांनी आला. या काळात वापरणाऱ्यांचा जो खोळंबा झाला तो मोठा होताच. परंतु आपल्याच यंत्राच्या दुरुस्तीचा अधिकार आपल्या हातून किती निसटला आहे, याची जी जाणीव त्यातून झाली ती अधिक बोचरी होती. तो अधिकार पूर्वी कोणत्या स्वरूपात होता, हे पाहण्यासाठी ड्युअल बूटच्या इतिहासाचा मागोवा घ्यावा लागतो.

त्या इतिहासाचा आरंभीचा भाग थोडक्यात आटोपता येतो. १९९० च्या दशकात लिनक्स सुरू करण्याचे काम लिलो हा बूटलोडर करी. बूटलोडर म्हणजे संगणक चालू होताच डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, अर्थात कर्नल, शोधून स्मृतीत आणणारा छोटा प्रोग्राम. लिलो डिस्कवरील जागांचे पत्ते थेट नोंदवून ठेवत असल्यामुळे कर्नल बदलल्यावर लिलोची आज्ञा पुन्हा द्यावी लागे आणि ती राहून गेली की नव्या कर्नलचा पत्ताच लागत नसे. रेड हॅट लिनक्सच्या ७.२ या आवृत्तीने २००१ मध्ये ग्रब हा बूटलोडर मुख्य म्हणून स्वीकारला आणि तेथून पुढचे दशक या कथेचा खरा गाभा ठरले.

त्या दशकातील बहुतेक सारे बिघाड डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत किंवा त्यांच्या आसपास घडत. मास्टर बूट रेकॉर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्यात ४४६ बाइट बूटलोडरच्या पहिल्या टप्प्यासाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी राखलेले असत. विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ नव्याने बसवताना विंडोजचा इन्स्टॉलर या ४४६ बाइटांवर स्वतःचा प्रोग्राम लिही. डिस्कवर लिनक्स आहे का, हे तो पाहत नसे आणि मालकाला विचारतही नसे. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम प्रत्येक नवशिक्याच्या मनावर बिंबवला जाई, तो या बेपर्वाईमुळेच. याहून वाईट प्रकार काही विंडोज सॉफ्टवेअरच्या परवाना तपासणाऱ्या यंत्रणांनी केला. पहिले पार्टिशन तेव्हा सहसा ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे आणि त्याआधीच्या मोकळ्या पट्ट्यात ग्रबचा पुढचा टप्पा बसवलेला असे. या यंत्रणा आपली गुप्त खूण नेमकी त्याच पट्ट्यात लिहीत आणि लिनक्स सुरू होईनासे होई. या अतिक्रमणाला तोंड देण्यासाठी ग्रब २ च्या कर्त्यांना त्रुटी ओळखून भरून काढणारी रीड-सॉलोमन ही गणिती पद्धत बूटलोडरमध्ये घालावी लागली. ज्यांनी आगळीक केली ते नामानिराळे राहिले आणि तिचा भार दुसऱ्यांनी वाहिला, ही नोंद इतिहासात असणे आवश्यक आहे.

तरीही तो काळ आज हवाहवासा वाटतो, कारण बिघाड समजत असे आणि समजलेला बिघाड दुरुस्त करता येत असे. ग्रबच्या जुन्या आवृत्तीत ‘एरर १५’ म्हणजे फाइल सापडत नाही, ‘एरर १७’ म्हणजे निवडलेले पार्टिशन वाचता येत नाही आणि ‘एरर २२’ म्हणजे ते पार्टिशनच अस्तित्वात नाही, असा ठरलेला अर्थ होता. विंडोजमधून मधले एखादे लॉजिकल पार्टिशन पुसले की पुढच्यांचे क्रमांक एकेकाने खाली येत, सहावे पार्टिशन पाचवे होई आणि ग्रब जुन्याच क्रमांकावर शोध घेत राही. हे ध्यानात आले की निम्मे निदान झालेले असे. अशा वेळी लाइव्ह सीडी, म्हणजे डिस्कवर काहीही न बसवता थेट लिनक्स चालवणारी सीडी, घालून संगणक सुरू करावा, ग्रबच्या आज्ञा-ओळीवर ‘फाइंड’ने फाइल कोणत्या पार्टिशनमध्ये आहे ते पाहावे, ‘रूट’ने ते पार्टिशन सांगावे आणि ‘सेटअप’ने पहिले ५१२ बाइट पुन्हा मार्गी लावावेत, एवढ्यावर काम भागत असे. जुने ग्रब पार्टिशन शून्यापासून मोजत असल्यामुळे लिनक्सचे पाचवे पार्टिशन तेथे चौथे दिसे. ग्रब २ ने पार्टिशनची मोजणी एकापासून सुरू केली, डिस्कची मात्र शून्यापासूनच ठेवली आणि हा फरक न जाणणाऱ्यांचे तास वाया गेले.

महाराष्ट्रात मुंबईबाहेर त्या वर्षांत भारनियमन नित्याचे होते आणि कर्नलचे अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली, तर मूळ फाइल सिस्टीम जोडता येत नसल्याचे सांगून कर्नल तेथेच थांबे. परंतु ग्रबच्या यादीत आधीचा कर्नल शिल्लक असे आणि तो निवडून काम पुढे नेता येई. विंडोज संगणकाचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानते आणि लिनक्स ते जागतिक प्रमाणवेळेचे मानते, यामुळे भारतात एकीकडून दुसरीकडे गेल्यावर वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकलेली दिसे. असे दोष एकदा उमगले की पुन्हा भेडसावत नसत. उबंटूच्या सीडी २०११ पर्यंत टपालाने विनामूल्य मागवता येत आणि त्यांपैकी एखादी जुनी सीडीही बहुधा दुरुस्तीसाठी पुरेशी ठरे. सामान्य विद्यार्थ्याला यंत्राच्या अंतरंगाचे शिक्षण देणारी दुसरी इतकी स्वस्त शाळा त्या काळी नव्हती.

पुढील वर्षांचा आढावा फार लांबवण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि त्याच्या प्रमाणित संगणकांबरोबर यूईएफआय हे नवे फर्मवेअर व सिक्युअर बूट ही व्यवस्था घरोघरी पोचली. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरच वसणारा मूळ प्रोग्राम. सिक्युअर बूटमध्ये तो फक्त मान्य डिजिटल स्वाक्षरी असलेला बूटलोडरच चालू देतो. बहुतेक संगणकांत मान्य स्वाक्षरी मायक्रोसॉफ्टची असल्यामुळे लिनक्सच्या जगाला शिम हा छोटा मध्यस्थ प्रोग्राम त्या कंपनीकडून स्वाक्षरी करून घ्यावा लागला. लिनक्सची बाजूही निर्दोष नव्हती: २०२१ मधील ग्रब २.०६ ने इतर ऑपरेटिंग सिस्टीम शोधण्याची सोय सुरक्षेच्या कारणास्तव मूळ मांडणीतच बंद केली आणि सुस्थितीत असलेले विंडोज अनेकांच्या यादीतून नाहीसे झाले.

सिक्युअर बूटच्या व्यवस्थेमागील कारण खरे आहे. २०२० मध्ये उघड झालेल्या बूटहोल या दोषामुळे स्वाक्षरी असलेल्या ग्रबमधूनही घातक प्रोग्राम शिरू शकतो, हे सिद्ध झाले आणि सदोष आवृत्त्या रद्द करणे भाग पडले. त्यासाठी आलेल्या एसबॅट या पद्धतीत बूटलोडरच्या प्रत्येक घटकाला पिढीचा क्रमांक असतो आणि किमान मान्य क्रमांक मदरबोर्डच्या स्मृतीत नोंदवला जातो. त्याहून जुन्या पिढीचा बूटलोडर नाकारला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजने हाच किमान क्रमांक वाढवला. नोंद मदरबोर्डमध्ये असल्यामुळे डिस्क पुसून काही साधत नव्हते आणि ज्या लाइव्ह यूएसबीने दुरुस्ती करायची तिच्यातील शिमही जुना असल्यास तीच नाकारली जात होती. सिक्युअर बूट बंद करून लिनक्समध्ये शिरावे, एसबॅटचे धोरण पुसावे आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे, हा मार्ग होता. परंतु विंडोजची डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असल्यास या बदलानंतर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते आणि आपली डिस्क कूटबद्ध आहे हेच अनेकांना ठाऊक नसते.

दोन्ही काळांतील भेद येथे स्पष्ट होतो. पूर्वीचा बिघाड डिस्कवर, मालकाच्या हाताशी असे आणि दुरुस्तीचे साधन त्या बिघाडापासून अलिप्त राही. आज बिघाड दूरच्या निर्णयातून येतो आणि साधनालाही आपल्याबरोबर निकामी करतो. शिमसाठी वापरलेल्या २०११ च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६ ची असल्यामुळे हा प्रश्न जुना झालेला नाही. सुरक्षेला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र एखादी आवृत्ती रद्द करण्यापूर्वी त्या यंत्रावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम आहे का हे खरोखर तपासले गेले पाहिजे, मालकाला आगाऊ आणि समजेल अशा भाषेत कळवले गेले पाहिजे, आणि स्वतःच्या स्वाक्षरीची की नोंदवण्याची व सिक्युअर बूट बंद करण्याची सोय प्रत्येक संगणकात अबाधित राहिली पाहिजे. ज्याने यंत्राचे पैसे मोजले, त्यावर काय सुरू व्हावे याचा अखेरचा निर्णय त्याचाच असला पाहिजे.