जुन्या मोटारीचीं दारें आणि जव्हारचा पाऊस

जुन्या मोटारीची चौकशी करणारा गृहस्थ बहुधा प्रथम इंजिनाविषयीं विचारतो. दारांविषयीं सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु आमच्या मतें अशा गाडीचें आयुष्य पुष्कळदां दारांच्या तळाशींच संपूं लागतें. याची परीक्षा पाहावयाची असल्यास श्रावणांत जव्हारच्या डोंगरांत जावें.

जव्हारजवळच शिरपामाळ आहे. १६६४ सालीं सुरतेच्या स्वारीस जातांना शिवाजीमहाराज येथें थांबले व जव्हारच्या राजानें त्यांस शिरपेंच अर्पण केला, म्हणून माळास हें नांव पडलें असें सांगतात. अशा उघड्या माळावर पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत तयार झालेल्या व पुढें ‘पद्मिनी’ या नांवानें ओळखल्या गेलेल्या फियाटचीं दारें कशीं राखलीं आहेत, हें तेथें पांच मिनिटांत कळतें. मुंबईच्या टॅक्सींतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्यें निघून गेली; तरी कित्येक कुटुंबांनीं ती वडिलांची आठवण म्हणून जतन केली आहे. हे चार शब्द त्यांच्यासाठींच.

कांचेभोंवतालचें रबर सारें पाणी अडवितें अशी अनेकांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. कांच वर-खालीं सरकावयाची म्हटल्यावर तिच्या अंगाशीं थोडी फट राहणारच. त्या फटींतून कांहीं पाणी दाराच्या पोकळींत उतरतें, आणि तें बाहेर जावें म्हणून तळाशीं बारीक भोकें ठेवलेलीं असतात. माती व पालापाचोळा साचून तीं बुजलीं, किंवा रंगकाम करतांना कोणी लांबी भरून बंद केलीं, कीं पाणी आंतच राहतें. बाहेरचा रंग फुगलेला दिसेपर्यंत आंतील पत्रा गंजून गेलेला असतो.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ रबरापासून न करतां भोकांपासून करावा. हँडल व आंतील अस्तर काढून दाराचा तळ साफ करावा, गंज खरवडून गंजरोधक रंग द्यावा. अस्तरामागील मेणकागद किंवा प्लास्टिक फाटलें असल्यास नवें लावावें. पाणी आसनाकडे येऊं न देण्याचें काम तेंच करतें. कांच वर-खालीं करणारें यंत्र सोडविण्यापूर्वीं कांचेस पाचरीचा आधार द्यावा. यंत्राच्या दातांस ग्रीस चालतें. मात्र तें रबरास लागूं देऊं नये, कारण खनिज तेलानें साधें रबर फुगतें व मऊ पडतें. नवें रबर बसवितांना साबणाचें पाणी पुरेसें होतें. कांचेच्या खोबणींतील लवदार पट्टी झिजली असेल, तर तीही बदलावी. नाहींतर कांच खडखडते व तिरपी चढते.

दाराचें रबर जाड घेतलें म्हणजे पाणी कमी येईल, असें समजूं नये. अशा रबरानें दार आपटून लावावें लागतें व बिजागऱ्या ढिल्या होतात. कागदाची पट्टी दारांत धरून दार लावावें व ती ओढून पाहावी. जेथें ती सहज निसटते, तेथेंच रबर दबलेलें आहे असें समजावें.

कोंकणांतील घर बांधणारा पाऊस थोपवीत नाहीं. तो पाण्याला पन्हळ देतो. मोटारीच्या दाराचा न्यायही हाच. मृग लागण्यापूर्वीं कांच लावून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतावें, आणि आंत गेलेलें पाणी तळाच्या भोकांतून बाहेर येतें कीं नाहीं, हें पाहावें. तें आलें नाहीं, तर रबर कितीही नवें असलें तरी काम अपुरें आहे.