खिडकी आपली, तावदान दुसऱ्याचे

मुंबईची मराठी वृत्तपत्रे आमच्या इंदुरात एके काळी दुसऱ्या दिवशी, आणि पावसाळ्यात कधी तिसऱ्याही दिवशी येत. पंचवीस वर्षांपूर्वी ती इंटरनेटवर दिसू लागली, तेव्हा आम्हांस झालेला आनंद काय वर्णावा! गल्लीतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही एका पत्राचे पान उघडले, तो पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी मुळाक्षरे, स्वल्पविराम आणि चौकोन यांचा नुसता खच पडलेला. चौकशी करता कळले की, त्या पत्राने आपला स्वतंत्र टंक वापरला होता आणि तो एकाच कंपनीच्या ब्राउझरात नीट उमटत असे. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याने काय करावे, याचे उत्तर दुकानदारापाशी नव्हते.

पुढे युनिकोडचा प्रसार झाला आणि ही पीडा टळली. परंतु त्या दिवशीचा प्रश्न मात्र मनातून गेला नाही. आपण पान वाचतो ते ज्यातून वाचतो, ते साधन आहे तरी कोणाचे?

ब्राउझर म्हणजे आपण मोबाइलवर वा संगणकावर निरनिराळी संकेतस्थळे ज्यातून पाहतो ती खिडकी. खिडकीची चौकट, रंग, नाव ही वरवरची बाब होय. खरे काम आत चालते. दुरून आलेला मजकूर वाचावयाचा, त्यातील सूचनांप्रमाणे अक्षरे, चित्रे, रकाने जागच्या जागी बसवावयाचे, हे करणाऱ्या भागास 'इंजिन' म्हणतात. छापखान्यातील जुळाऱ्याचेच हे काम. फरक इतकाच की, हा जुळारी क्षणात पान जुळवितो आणि क्षणात मोडतो.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने वेबची आज्ञावली सर्वांस मुक्त करून दिली. त्यानंतर अनेक इंजिने निघाली. आज त्यांपैकी मोठी अशी तीनच उरली आहेत: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ऑपेराने आपले जुने इंजिन २०१३ साली सोडले. मायक्रोसॉफ्टसारख्या धनाढ्य कंपनीनेही २०१८ च्या डिसेंबरात हात टेकले व यापुढे आपला ब्राउझर गूगलच्या क्रोमियमवर बेतण्याचे जाहीर केले. बाजारात नावे पुष्कळ दिसतात, पण बहुतेकांच्या पोटात तोच एक जुळारी बसलेला असतो.

आपल्या देशातही तेच. केंद्र सरकारने २०२३ साली भारतीय ब्राउझर घडविण्याची स्पर्धा जाहीर केली. २०२५ च्या मार्चमध्ये झोहो कंपनीस पहिले, एक कोटी रुपयांचे, पारितोषिक मिळाले. तिचा 'उला' हा ब्राउझरही क्रोमियमवरच उभा आहे. त्यात लबाडी काही नाही. क्रोमियमची आज्ञावली खुली आहे, कोणीही घ्यावी. मात्र तिच्यात उद्या काय घालावे आणि काय काढावे, याचा शेवटचा शब्द मुख्यत्वे गूगलचाच राहतो. २०२४-२५ मध्ये क्रोमने जोड-साधनांचे नियम बदलले आणि जाहिराती अडविणारे 'यूब्लॉक ओरिजिन' हे लोकप्रिय साधन तेथे चालेनासे झाले. सुरक्षिततेसाठी हे केले, असे कंपनीचे म्हणणे. असेलही! परंतु जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीनेच जाहिराती अडविण्याचे नियम ठरवावेत, हे आम्हांस दूधवाल्यानेच दुधाचे माप तपासण्यासारखे वाटते.

मग उरला मोझिलाचा फायरफॉक्स. तो विनानफा संस्थेचा असून मराठीतूनही मिळतो, म्हणून आमचे त्यावर प्रेम आहे. पण तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा येतो तो गूगलकडून, गूगलची शोधसेवा आरंभीच लावून ठेवल्याबद्दल. अमेरिकेतील न्यायालयात उघड झालेल्या आकड्यांनुसार गूगलने अशा करारांपोटी २०२१ या एका वर्षात निरनिराळ्या कंपन्यांस मिळून २,६३० कोटी डॉलर दिले. ज्याच्याशी स्पर्धा करावयाची त्याच्याच हातून शिधा घ्यावयाचा, अशी ही चमत्कारिक स्थिती.

या पार्श्वभूमीवर लेडीबर्डची कथा आम्हांस सांगावीशी वाटते. (मुलींच्या सायकलीचे नाव म्हणून आपल्या घरोघरी हा शब्द परिचित आहेच.) आंद्रेआस क्लिंग हे स्वीडनचे गृहस्थ पूर्वी ॲपलमध्ये वेबकिट इंजिनावरच काम करीत असत. पुढे व्यसनाच्या फेऱ्यात सापडले. उपचार घेऊन २०१८ साली बाहेर पडले, तेव्हा रिकामा वेळ खावयास उठला. तो भरण्यासाठी त्यांनी एक संपूर्ण संगणक-प्रणाली अगदी शून्यापासून लिहावयास घेतली व तिला 'सेरेनिटी', म्हणजे मनःशांती, असे नाव दिले. ही हकीगत त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितली आहे. हळूहळू जगभरातून हौशी मंडळी मदतीस आली. २०२१ मध्ये नोकरी सोडून क्लिंग देणग्यांवर हेच काम पूर्णवेळ करू लागले. त्या प्रणालीसाठी लिहिलेल्या लहानशा ब्राउझराचे २०२२ साली लेडीबर्ड झाले, आणि २०२४ मध्ये तो मूळ प्रणालीपासून वेगळा निघाला. १ जुलै २०२४ रोजी त्याच्यासाठी विनानफा संस्था जाहीर झाली. गिटहबचे एक संस्थापक ख्रिस वॉन्स्ट्राथ तीत सहसंस्थापक असून त्यांनी व त्यांच्या कुटुंबाने दहा लाख डॉलर दिले.

संस्थेने स्वतःवर घालून घेतलेली अट मोठी बोलकी आहे. शोधसेवेचे करार करावयाचे नाहीत, वापरणाऱ्यांपासून पैसा काढावयाचा नाही. फक्त बिनशर्त देणग्या घ्यावयाच्या. आमच्या मते या उद्योगाचे सारे मर्म या अटीत आहे. नवे इंजिन लिहिणे अवघड खरे, तरी वेबचे नियम प्रसिद्ध असल्यामुळे ते अशक्य नाही. चुकीच्या पद्धतीने लिहिलेले पानसुद्धा कसे वाचावे, येथपर्यंत सारे त्यांत पायरीपायरीने दिलेले आहे, आणि आपले इंजिन बरोबर चालते किंवा कसे हे पाहावयास लाखो सामाईक कसोट्या कोणासही उपलब्ध आहेत. अवघड आहे ते इंजिन लिहून झाल्यावर कोणाच्या अन्नावर जगावयाचे, हे ठरविणे.

मराठी वाचकांस यात काय, असे कोणी विचारील. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द पाहावे. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा 'ऱ'. एकाचा दुसरा झाला की गुरुजींची रवानगी मुदपाकखान्यात! ही अक्षरे योग्य रीतीने जुळविण्याचे काम लेडीबर्डमध्ये 'हार्फबझ' नावाची मुक्त आज्ञावली करते. मूळचे इराणचे बेहदाद इस्फाहबोद हे तिचे कर्ते. नाव फारसीतले, अर्थ 'खुले अक्षर'. हैदराबादच्या आमच्या वाचकांस 'हर्फ' शब्द उलगडून सांगावयास नकोच. हीच आज्ञावली क्रोम व फायरफॉक्सही वापरतात. चित्रे व अक्षरे पडद्यावर रेखाटण्याचे साधन तर लेडीबर्डने गूगलनेच वाढविलेले, मुक्त असे, घेतले आहे. सर्वस्वी निराळेपणाचा दावा म्हणून कोणी करू नये; क्लिंग यांचे सहकारीही करीत नाहीत. निराळे आहे ते इंजिन आणि त्यावरची सत्ता.

हा प्रयत्न तडीस जाईल काय? खात्री देता येत नाही. मोझिलाने २०१२ मध्ये आरंभिलेले 'सर्वो' इंजिन २०२० साली तेथील नोकरकपातीत पोरके झाले. आता ते अन्य छत्राखाली वाढत आहे. लेडीबर्डने जाणकारांसाठीच्या पहिल्या चाचणी-आवृत्तीसाठी २०२६ साल योजिले, आणि तीही लिनक्स व मॅक यांवर. हातातल्या मोबाइलपर्यंत पोहोचावयास किती काळ लागेल ते लागो.

आमच्या भाच्याने मात्र धीर धरला नाही. खुली आज्ञावली उतरवून घेऊन त्याने सुट्टीची एक सबंध दुपार ती आपल्या संगणकावर उभारण्यात घालविली. संध्याकाळी चहाच्या वेळी आम्हांस हाक मारली. एक मराठी पान उघडलेले होते. आम्ही चष्मा चढवून प्रथम 'ऱ' शोधला. 'शेतकऱ्यांचे' हा शब्द जसा हवा तसा उमटला होता. नंतर आम्ही आमच्या बँकेचे पान उघडावयास सांगितले, तर ते अर्ध्यावरच अडले. भाचा म्हणाला, "मामा, थांबा. काय अडलं ते आधी त्यांना लिहून कळवतो," आणि चहा तसाच ठेवून टंकू लागला.