कुलस्वामीच्या वाटेवरचा एक मुक्काम

नारायण पेठेंत केसरीवाड्यापासून मोदी गणपतीपर्यंतच्या गल्ल्यांतून सहज चौकशी केली, तर ज्यांचा कुलस्वामी कोंकणांत आहे अशीं घरें पुष्कळ निघतील; आणि त्यांतील कित्येकांचा कुलस्वामी म्हणजे गुहागरचा श्रीव्याडेश्वर. वाडे जाऊन त्या जागीं उंच इमारती आल्या, भावंडें निरनिराळ्या सदनिकांतून राहूं लागलीं. तरी घरांत लग्न किंवा मुंज झाली कीं कुलस्वामीच्या दर्शनास जाण्याची चाल सुटलेली नाहीं. बदलली आहे ती प्रवासाची तऱ्हा. तरुण मंडळींचा बेत असा असतो कीं, पहांटे चारास मोटार काढावी, सहा-सात तासांत गुहागर गांठावें, अभिषेक उरकावा व लगेच परतावें. या घाईचा परिणाम एकच होतो. ज्या वृद्ध माणसाच्या आग्रहावरून यात्रा निघते, तेंच माणूस “मला आतां झेपणार नाहीं, तुम्ही जाऊन या” असें म्हणून घरीं राहतें.

वाटेंत एक रात्र काढल्यास हा प्रश्न बहुतांशीं सुटतो. मात्र ती कोणत्या गांवीं काढावी, हें ठरवितांना प्रेक्षणीय स्थळांची यादी पुढें ठेवून चालत नाहीं. आमच्या मतें कसोट्या तीन: घाट दिवसाउजेडीं उतरून झालेला असावा, दुसरे दिवशीं स्नान करून निघाल्यावर दुपारच्या आंत देवळांत पोंचतां यावें, आणि मुक्कामावर घरांतील बायकांना स्वयंपाकाचें नांव काढावें लागूं नये. तिसरी कसोटी पुरुषमंडळी विसरतात, म्हणून ती आम्ही मुद्दाम सांगतों. जिला घरीं जें करावें लागतें तेंच परगांवीं गैरसोईंत करावें लागतें, तिची यात्रा झाली असें कसें म्हणावें?

आतां गांवें पाहूं. सर्वांच्या तोंडीं प्रथम येतें तें वाई. कृष्णेचे घाट, रास्त्यांनीं बांधलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ, जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा. शिवाय प्राज्ञपाठशाळेचें आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या मराठी विश्वकोशाचें हें गांव. राहण्यास मोठें रमणीय. पण पुण्याहून तें अवघें नव्वद किलोमीटरांच्या आंत. तेथें थांबल्यास बहुतेक सगळी वाट दुसऱ्या दिवसावर पडते. वाईस स्वतंत्र जावें. गुहागरच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून तें उपयोगाचें नाहीं.

दुसरें महाड. ताम्हिणी घाटानें उतरून माणगांवावरून तेथें जातां येतें, आणि रायगड तेथून जवळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं २० मार्च १९२७ रोजीं ज्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेऊन मनुष्यमात्राचा हक्क सिद्ध केला, तें याच गांवांत आहे. आपल्या घरांतून सोंवळ्या-ओंवळ्याच्या गोष्टी मुलांच्या कानीं पडत आल्या आहेत. त्यांना त्या तळ्याच्या कांठीं उभें करून तो इतिहास आपल्याच तोंडानें सांगावा, असें आम्हांस वाटतें. मात्र तेथून चिपळूणपर्यंतची वाट अद्याप लांब उरते. शिवाय पावसाळ्यांत सावित्रीचा धाक आहेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा तिचा जुना पूल पुरांत कोसळला व एस्. टी. च्या दोन गाड्या वाहून गेल्या. म्हणून महाड परतीच्या वाटेवर, तेंही हिवाळ्यांत घ्यावें.

तिसरें कऱ्हाड. कृष्णा व कोयना येथें समोरासमोर येऊन मिळतात, म्हणून त्या स्थानास प्रीतिसंगम म्हणतात. तेथील संध्याकाळ वृद्धांस फार मानवते. पेठ मोठी असल्यानें जेवणाखाणाची सोय चांगली. पण चिपळूणकडे जाणारा पाटणचा रस्ता कऱ्हाडच्या अलीकडे उंब्रजलाच फुटतो. कऱ्हाडास जावयाचें म्हणजे तेवढी वाट वांकडी करावी लागते, आणि कुंभार्ली घाट दुसऱ्या सकाळसाठीं शिल्लक राहतो. ज्यांच्या घरच्या वृद्धांस लांबचा पल्ला मुळींच सोसत नाहीं, त्यांनीं मात्र हेंच गांव पसंत करावें.

उरलें चिपळूण. सकाळीं न्याहारी करून पुण्याहून निघावें, दुपारचें जेवण वाटेंत घ्यावें, कोयनानगर मागें टाकून उन्हें आहेत तोंच कुंभार्ली उतरावा, म्हणजे दिवेलागणीच्या आंत वाशिष्ठीच्या कांठीं पोंचतां येतें. तेथून गुहागर सुमारें पंचेचाळीस किलोमीटर. दुसरे दिवशीं मुलांस पुरी झोंप मिळून, वृद्धांचें स्नान व औषधपाणी होऊन, नऊ-दहाच्या सुमारास श्रीव्याडेश्वराच्या सभामंडपांत बसतां येतें. दुर्गादेवीची ओटीही स्वस्थपणें भरली जाते. ज्यांच्या अंगांत त्राण असेल त्यांस जवळच डोंगरावरील श्रीपरशुरामाचें दर्शनही घडतें. वाचनाची आवड असणाऱ्यांनीं १८६४ सालीं स्थापन झालेलें तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर अवश्य पाहावें. जुलै २०२१ च्या महापुरांत सारें शहर बुडालें, तेव्हां या वाचनालयांतही पाणी शिरलें होतें. म्हणून आषाढ-श्रावणांत ही यात्रा काढूं नये, व काढलीच तर हवामानाचा इशारा पाहिल्यावांचून घाटांत उतरूं नये.

गेल्या माघांत आम्ही नऊ माणसें याच क्रमानें गेलों. बरोबर ब्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई होत्या. सोळा वर्षांत त्यांचें कुलस्वामीचें दर्शन झालेलें नव्हतें. आमच्या धाकट्या सूनबाईंनीं आधीं दूरध्वनि करून चारच गोष्टी विचारून घेतल्या: खोली तळमजल्यावर आहे काय, शौचकूप खुर्चीचा आहे काय, पहांटे ऊन पाणी मिळेल काय, आणि रात्रीं साधा वरणभात मिळेल काय. चारांपैकीं तीन ठिकाणीं नकार आला; चवथ्या ठिकाणीं होकार मिळाला, तें ठिकाण दिसण्यांत सर्वांत साधें होतें. दुसरे दिवशीं आत्याबाई देवळाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरतां चढल्या व अभिषेक होईपर्यंत मांडी घालून बसल्या.

एका रात्रीचा खर्च वाढतो, हें खरें. पण यंदा ज्यांच्या घरीं कार्य व्हावयाचें आहे, त्यांनीं मोटार ठरविण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वडील माणसास, “वाटेंत एक रात्र थांबलों तर आपण याल काय?” एवढें विचारून पाहावें. उत्तर होकारार्थी आलें, तर गांव निवडण्यास वरील तीन कसोट्या पुरेशा आहेत.